लाल रेघ उतरत गेली

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. हृदयाचे ऑपरेशन झालेल्या माणसांना ज्या खोलीत ठेवतात, तिथे सहाव्या खाटेच्या उशाशी मी टांगलेला आहे. माझ्या पडद्यावरची हिरवी रेघ हृदयाचे ठोके दाखवते आणि लाल रेघ रक्तदाब.

नवा होतो तेव्हा माझे कोण कौतुक! मोठे डॉक्टर आत आले की रुग्णाच्याही आधी माझ्याकडे बघत. पुढे माझी एक वायर सैल झाली. रुग्णाने नुसता हात हलवला तरी मी बोंब ठोकू लागलो. सिस्टर धावत येत, तर माणूस आपला स्वस्थ झोपलेला! दुरुस्तीसाठी तीनदा अर्ज गेला, पण कुणी फिरकले नाही. शेवटी कंटाळून त्यांनी माझा आवाजच बंद केला.

अशातच सहाव्या खाटेवर पेंटरकाका आले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या हृदयाची एक झडप बदलली होती.

"हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवरून काढताना प्रेशर दोनदा कोसळलं," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सिस्टरना बजावले. "औषधावर कसंबसं टिकवलंय. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा."

सिस्टरनी तसे ठेवलेही. दिवसभर लाल रेघ चढत होती, घसरत होती. सिस्टर औषधाचा थेंब वाढवत, कमी करत. त्यांना पाणी प्यायलाही फुरसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घशातली नळी निघाली. मुलगी भेटायला आली, तेव्हा ते भिंतीकडे बोट दाखवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ते 'शांतता राखा' कुणी रंगवलंय गं? अनुस्वार बघ, आत्ता घरंगळून खाली पडेल."

"बाबा, आधी बरे व्हा. मग नवी पाटी करून द्या यांना," मुलगी हसत म्हणाली. सिस्टरही हसल्या.

दुपारी काकांच्या छातीतून रक्त बाहेर नेणाऱ्या दुसऱ्या नळीतली धार थांबली. साऱ्यांना हायसे वाटले. पण मित्रांनो, रक्त थांबले नव्हते. नळी गुठळीने बंद झाली होती आणि रक्त आतल्या आत हृदयाभोवती साचत होते. त्या दाबाखाली हृदयाला नीट फुगताच येईना. माझी लाल रेघ उतरू लागली. एकशे दहा, अठ्ठ्याण्णव, पंच्याऐंशी.

तेवढ्यात सातव्या खाटेवरच्या आजींना धाप लागली. सिस्टर तिकडे गुंतल्या. जाता जाता त्यांनी माझ्याकडे पाहिले मात्र.

"वायर हलली असेल. नेहमीचंच आहे याचं."

सत्तर. बासष्ट. मी जिवाच्या आकांताने लाल दिवा लुकलुकवत होतो.

"सिस्टर, बाबांचे हात गार पडलेत हो!" खाटेशी बसलेली मुलगी ओरडली.

सिस्टर धावल्या. त्यांनी मनगटावर बोटे ठेवली, पण नाडी लागेना. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले. छाती तिथेच, खाटेवरच उघडावी लागली. साचलेले रक्त निघाले. लाल रेघ थोडी वर आली. माझ्या जिवात जीव आला. पण थकलेल्या हृदयाने पुन्हा उभारी धरली नाही. दिवेलागणीला माझ्या दोन्ही रेघा आडव्या झाल्या.

उघड्या दारातून दिसणाऱ्या बाहेरच्या बाकावर सिस्टर मुलीजवळ जाऊन बसल्या. "मी वायरीला दोष दिला. आधी नाडी बघायला हवी होती."

 मुलगी म्हणाली, "मी तर हात हातात धरून बसले होते. मलाही उशिराच कळलं."

सिस्टर उठून आत आल्या आणि दुरुस्तीचा चौथा अर्ज लिहायला बसल्या.

तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. दहा मिनिटांत वायर बदलून झाली. "ठणठणीत आहे की हा!" माझ्या पाठीवर थाप मारून तो निघून गेला. ती थाप मला अजून सलते.

मित्रांनो, एखादे यंत्र सारखे कुरकुरू लागले तर त्याचे तोंड बंद करू नका. ते का कुरकुरते ते बघा. आणि आमच्यावर विसंबून माणसाला हात लावायचे विसरू नका. मला आकडे दिसतात. गारठलेला हात मात्र तुम्हालाच कळतो.