उतारावरची तक्रार

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस सलग बर्फ पडला आणि झोफ्काच्या घरामागचा उतार पांढराशुभ्र झाला. तीन हिवाळे कोरडे गेले होते. त्यात साथीमुळे ऑक्टोबरपासून माणसं कोंडलेली. पालिकेच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही, दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, शाळा बंद, गुत्ता बंद. उरलं काय, तर दाराबाहेरचा बर्फ.

शनिवारी सकाळी शेजारच्या लोव्रोच्या दोन नाती घसरगाडी ओढत आल्या. त्यांच्यामागून पाववाल्याचं कुटुंब आलं. दुपारपर्यंत सात-आठ घरं जमली. प्रत्येक घर आपापला कोपरा धरून, एकमेकांपासून लांब. उतार झोफ्काच्या मालकीचा होता, पण गावातली पोरं तिच्या सासऱ्याच्या काळापासून तिथेच घसरत आली होती. कुणी विचारत नसे, कुणी नाही म्हणत नसे. झोफ्काने मोठ्या पातेल्यात लिंडनच्या फुलांचा चहा उकळला, त्यात मध घातला आणि पेले खिडकीच्या कट्ट्यावर मांडून ठेवले. एकाने येऊन उचलायचा, तो गेला की दुसऱ्याने यायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला होता तिचा. किती डोक्यांना केवढं पातेलं लागतं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पाववाल्याची जाडी बायको घसरगाडीवरून उलटून बर्फात रुतली आणि तिचे पाय तेवढे वर दिसायला लागले, तेव्हा झोफ्का खिडकीत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

रविवारी सकाळी फाटकाशी पोलिसांची गाडी थांबली. उतरला तो कोपाचांचा मिहा. लाल-पांढऱ्या पट्टीचं भेंडोळं त्याच्या हातात होतं.

"काकू, तक्रार आलीये. एकापेक्षा जास्त घरांची माणसं एकत्र जमवायची नाहीत. उतार बंद करावा लागेल."

"माझा उतार? माझ्या दाराशी येऊन?"

"नियम आहे, काकू."

"मिहा, तू तिसरीत होतास तेव्हा पनीरच्या गुंडाळ्या दोनदा मागून घ्यायचास, आणि नियम एकदाच वाढायचा होता. वाढल्या की नाही मी?"

मिहाचे कान लाल झाले. पण पट्टी त्याने बांधलीच, प्लमच्या झाडापासून कुंपणाच्या खांबापर्यंत.

झोफ्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार कुणाची, हे तिला विचारायचीही गरज वाटली नाही. लोव्रो! कुंपणावरून आलेल्या फांदीसाठी अकरा वर्षं बोलत नव्हता मेला. ती तशीच घरातल्या चपलांवर कुंपणाशी गेली आणि ओरडली, "बाहेर ये, चुगलखोरा! स्वतःच्या नातींचं सुख बघवत नाही का तुला?"

लोव्रो दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आला. "डोकं फिरलं का तुझं? माझ्याच पोरींवर मी पोलीस घालीन?"

"मग कोणी घातले?"

लोव्रो फेस पुसत म्हणाला, "काल दुपारी तुझा टिलेन वरच्या गॅलरीत उभा होता. फोन कानाला, आणि बोटाने माणसं मोजत होता. मला वाटलं, ऑफिसचं काही असेल. जास्त मला माहीत नाही."

टिलेन तिचा मुलगा. अडतीस वर्षांचा, वरच्या मजल्यावर राहायचा, मार्चपासून तिथूनच विम्याचं काम करायचा. झोफ्का जिना चढून गेली तेव्हा तो टेबलाशी बसला होता. आईच्या चपलांखालचा बर्फ लाकडी जमिनीवर वितळताना त्याने पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

"तू केलास फोन?"

"केला."

"स्वतःच्या आईची तक्रार?"

"तू त्यांच्या उष्ट्या पेल्यांना हात लावत होतीस, आई! तुझी छाती कशी आहे ते माहितीये तुला. तीनदा सांगितलं, ऐकलं नाहीस."

"मग चौथ्यांदा सांगायचं! खाली येऊन, माझ्यासमोर! गॅलरीतून कसला फोन लावतोस, चोरासारखा?"

"बाबांची शवपेटी उचलू दिली नाही मला." टिलेनचा आवाज चिरकला. "प्लास्टिकच्या झग्यातली परकी माणसं घेऊन गेली. मी लांब उभा राहून बघत होतो. तसं पुन्हा बघायचं नव्हतं मला."

झोफ्काचा नवरा स्तान्को नोव्हेंबरमध्ये वृद्धाश्रमात वारला होता. आधी तळमजल्यावर होता, तेव्हा ती काचेला हात लावून उभी तरी राहायची. मग आजारी म्हणून त्याला तिसऱ्या मजल्यावर हलवलं. ती रोज आवारात जाऊन वर बघायची. कुठली खिडकी त्याची, हेही कुणी सांगितलं नाही. एकोणीस दिवसांनी फोन आला.

"तुला वाटतं, मला मरायची भीती नाही?" ती म्हणाली. "आहे. पण तेव्हा मी नियम पाळले, टिलेन. आवारात मुकाट उभी राहिले. दार फोडायला हवं होतं मी. काठी घेऊन घुसायला हवं होतं. शहाण्यासारखी वागले, आणि तुझा बाप एकटा गेला. आता मी कुणाचं ऐकून शहाण्यासारखी वागणार नाही. तुझं तर नाहीच."

झोफ्काने त्याची खुर्ची मागे ओढली.

"ऊठ. बूट घाल. काल आली होती त्या प्रत्येक घराच्या फाटकाशी जायचं आणि सांगायचं, फोन मी केला म्हणून."

"आई..."

"आणि विचारून यायचं, कुणाला कुठली वेळ सोयीची. एका वेळी एकच घर. अर्धा तास. पेले त्यांनी आपापले आणायचे. नियमच हवेत ना तुला? घे, लिही नियम."

तो गेला. पाववाल्याच्या बायकोने त्याचं बोलणं संपायच्या आत खिडकी लावून घेतली. एकाने कुत्रं सोडायची धमकी दिली. लोव्रो मात्र सगळं ऐकून म्हणाला, "तुझ्या आईच्या तावडीतून जिवंत आलास, तेवढी शिक्षा पुरे." संध्याकाळी टिलेन नाक लाल करून परतला, तेव्हा कागदावर आपल्यासकट सहा घरं लिहिलेली होती.

सोमवारी मिहा आला. झाडाला ठोकलेला वेळांचा कागद त्याने दोनदा वाचला, वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ "हो साहेब, हो साहेब" केलं आणि पट्टी सोडून भेंडोळं बगलेत मारलं. जाताना म्हणाला, "काकू, आमच्या घरालाही गुरुवारचा अर्धा तास मिळेल का?"

"कागदावर जागा असेल तर स्वतः लिही," झोफ्का म्हणाली. हसली मात्र नाही.

रोजचा शेवटचा अर्धा तास पोदलिपनिकांचा होता. म्हणजे तिचा आणि टिलेनचा. चार दिवस दोघं एका टेबलाशी जेवत, पण ती त्याच्याशी चकार शब्द बोलत नव्हती. चौथ्या दिवशी तो घसरगाडी घेऊन अंगणात उभा राहिला. ती कोट चढवून बाहेर आली आणि त्याच्या पुढ्यात बसली. खाली पोचेपर्यंत दोघांच्या तोंडात बर्फ गेला.

"माझा राग गेलेला नाही," कोट झटकत ती म्हणाली.

"माहितीये."

"जाणारही नाही इतक्यात."

"बरं."

"मग बघतोस काय? ओढ वर. अजून पंधरा मिनिटं आहेत."