पाटावरचे दोन दांडे

"अगे बाय माजे! जेवणाच्या पाटाक भोकां?"

सुमंगला हातातला उंड्यांचा पुडा तसाच धरून दारात उभी राहिली. वाटेवर पाववाल्या पोदेराचा भोंगा अजून वाजत होता, आणि इकडे तिची सून सेजल जमिनीवर फतकल मारून फणसाच्या पाटात ड्रिल घुसवत होती. पाट हलू नये म्हणून सासरा त्याच्यावर दोन्ही पाय रोवून उभा. सासरा म्हणजे सुमंगलेचा नवरा, कृष्णनाथ.

"आई, दुसरी जाड फळी खय गावाक नाय," सेजल मान वर न करता म्हणाली.

"आणि तुमका काय झाला?" सुमंगला नवऱ्यावर घसरली. "वय काय, करतास काय! माज्या लग्नातलो पाट तो!"

"पाटार बसान आता जेवता कोण गो? सगळी मेजार जेवतत," कृष्णनाथ म्हणाला. पण तो पाटावरून खाली उतरला नाही.

कृष्णनाथने उमेदीची सगळी वर्षं पाळी गावच्या खाणीवर पोकलेन चालवण्यात घालवली होती. मूळचा दोडामार्गकडचा माणूस. बापाच्या पाठोपाठ खाणीवर आला आणि तिथलाच झाला. मग खाणी बंद पडल्या. आज उघडतील, उद्या उघडतील, म्हणता म्हणता केस पिकले, आणि शेवटी तो डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका औषधांच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. उभा म्हणजे खरोखर उभा. खुर्ची होती नावाला. गाडी आली की उठा, सलाम ठोका, नंबर बघा, जरा टेकावं तर दुसरी गाडी. घरी येईपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. सलाम ठोकायची त्याला लाज नव्हती, कामाची लाज कसली? पण आपल्याला एक काम येतं, चांगलं येतं, आणि ते आता कोणी मागत नाही, हे त्याला आतून खात होतं. त्या थकव्याला झोपेचा उपाय नसतो.

अशात बाबली आला. हा त्याचा खाणीवरचा सोबती, वयाने धाकटा. खाण बंद झाल्यावर तो सिंधुदुर्गात हायवेच्या कामावर गेला आणि मशीन काही त्याने सोडली नाही. तो स्कूटर बंद न करताच ओरडला, "कृष्णा, ऐकलंस? खाण परत चालू जाता. नवी कंपनी. जुन्या ऑपरेटरांक बोलवतत. पण टेस्ट आसा हां."

"माजी टेस्ट? डोंगर खणलो मी!"

"डोंगर खणलंस तो जुन्या मशीनीर. ते लांब लिव्हर गेले आता. नव्या मशीनीक वीतभर दांडे, मनगटान चलवूचे. झिलग्यांच्या व्हिडिओ गेमाक असतत ना, तसे."

बाबली गेला, आणि कृष्णनाथला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. जुन्या मशीनवर खांद्यापासून जोर लावून लिव्हर ओढायचा असे. वीतभर दांडा मनगटाने हलवायचा म्हणजे काय, हे त्याला कळेना. आणि ही संधी गेली तर मरेपर्यंत गेट, हे मात्र पक्कं कळत होतं.

सेजलने हे सगळं ऐकलं होतं. पोरीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, आणि काम करायची गोळ्यांच्या पॅकिंगला, त्याच इस्टेटीत. नवरा रुद्रेश बोटीवर. संध्याकाळी सासरा आणि सून एकाच बसने परत यायचे, एक खिडकीला डोकं टेकून आणि एक दांडीला लोंबकळून, आणि घरापर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, कारण बोलायला जीव उरलेला नसायचा.

त्या रविवारी तिने खाटेखालचं खोकं बाहेर ओढलं. कॉलेजात असताना गेम खेळायची पेटी बनवायची म्हणून घेतलेलं सामान त्यात पडून होतं. पूर्वी बाजारात व्हिडिओ गेमचं दुकान असे, तिथल्यासारखे लाल गोंड्याचे दोन दांडे. आणि विड्याच्या पानाएवढा एक हिरवा बोर्ड.

"ह्यो कॉम्प्युटर," ती म्हणाली.

"ह्यो? सगळो?"

"सगळो. टीव्हीक लावलो की झाला."

"मग बँकेत एवढो मोठो कित्याक ठेवतत?"

सेजल हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी हसलं होतं. "बाबा, पोकलेनचो गेम आसता. ट्रक भरूचो. तुमका दोन दांड्यांची पेटी करून देतंय. हात बसलो की टेस्टीक काय घाबरूचा नाय."

आणि मग तो पाट. त्याला दोन भोकं, भोकांतून दोन दांडे, खाली प्लायवूडचं खोकं, खोक्यात तो हिरवा बोर्ड. प्रत्येक दांड्याच्या बुडाला चार बटणं: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. दांडा जिकडे कलेल तिकडचं बटण टिक करून दाबलं जाणार. बटणाबटणातून वायर निघून बोर्डाला. वायरींच्या टोकांना पितळेच्या चिमट्या होत्या, नुसत्या खोचायच्या. सेजल खोचत होती आणि कृष्णनाथ टॉर्च धरून होता. सून आपल्यासाठी सुटीचा दिवस जाळते आहे, आणि आपण तिला आजवर 'चहा झालो?' यापलीकडे काही विचारलं नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला वाईट वाटलं.

टीव्हीवर पिवळी पोकलेन उभी राहिली. कृष्णनाथ खुर्चीवर बसला, पेटी मांडीवर घेतली आणि डावा दांडा ओढला.

"छे! ह्या उलटा झाला."

"काय उलटा?"

आता इथे थोडं सांगायला हवं. पोकलेनला माणसासारखाच हात. खांद्यापासून कोपरापर्यंतचा तो बूम आणि कोपरापुढचा तो आर्म, त्याच्या टोकाला माती उचलणारी बकेट. कृष्णनाथच्या जुन्या मशीनवर बूम डाव्या हाताला होता आणि आर्म उजव्या. गेमात बूम उजव्या दांड्यावर निघाला.

"गेमात असाच दाखवलला आसा, बाबा," सेजल चाचरत म्हणाली. तिने मोबाईलवर पाहिलं. "हय पण उजव्याच हाताक लिवलला आसा."

"लिवणारो कधी खाणीत उतारलेलो? इतकी वर्सां मी बूम उचललो तो ह्या हातान." त्याने डावा पंजा तिच्यापुढे धरला.

सेजलने पंजाकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं. एकीकडे कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिलेल्या दोन ओळी, दुसरीकडे सासऱ्याचा हात. मोठ्या माणसाला 'तुम्ही चुकताय' म्हणायची त्या घरात रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला तसं वाटलंही नाही. तिने मोबाईल ठेवला, पेटी उपडी केली, डाव्याच्या दोन वायरी उजव्याला लावल्या, उजव्याच्या डाव्याला. "आता बगा."

डाव्या हाताने बूम उचलला गेला, आणि कृष्णनाथचा चेहरा फुलला.

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी हेच. ड्यूटीवरून यायचं, पाय धुवायचे, पेटी मांडीवर. सुमंगलेच्या मालिकेची वेळ गेली ती गेलीच. आधी ती धुसफुसली, मग खिडकीत बसून बघायला लागली, आणि मग तीच ओरडायला लागली, "अवो, मागच्या बाजूक घाला! पुढे ढीग झालो!" कृष्णनाथचा खांदा शांत राहायला शिकला, मनगट वळायला शिकलं. एक चमचा माती बाहेर न सांडता ट्रक भरला की सेजल टाळ्या वाजवायची. "बाबा, तुमका कोण नापास करता तां बगतंय मी!"

टेस्टच्या दिवशी खाणीच्या तोंडाशी नवी मशीन उभी होती. केबिनीत थंडगार हवा, गादीची सीट. बाबलीने आधी जाऊन दोन ट्रक भरून दाखवले आणि हसत उतरला. मग कृष्णनाथ चढला. सीटवर टेकल्याबरोबर त्याचे डोळे भरून आले. किती वर्षांनी तो बसला होता! दांडे वीतभर, मऊ, अगदी हाताजोगे. देवाचं नाव घेऊन त्याने बूम उचलायला डावा दांडा ओढला.

बूम जागचा हलला नाही. आर्म मात्र सपकन आत आला आणि बकेट मशीनच्या पट्ट्यावर आदळली.

"काका, बूम उजव्या हाताक," खालून इन्स्ट्रक्टर म्हणाला. तरणा, पण बोलायला नम्र होता. "सावकाश करा. घाई ना."

कृष्णनाथने दांडे मूळ जागी आणले आणि पुन्हा सुरुवात केली. सावकाश केलं तर जमायचं. पण ट्रकजवळ आलं की हात आपोआप धावत होते, आणि उलटे धावत होते. महिनाभर त्याने त्यांना दुसरं काय शिकवलं होतं? एकदा अर्धी माती खाली पडली. दुसऱ्यांदा बकेट ट्रकच्या फाळक्याला घासली, आणि ड्रायव्हर उडी मारून बाहेर पळाला. तेव्हा इन्स्ट्रक्टरने हात वर केला.

"जुन्या मशीनीवरचे तुम्ही, काका. आता सगळीकडे हीच पद्धत," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "हात चांगला आहे तुमचा. थोडे दिवस सराव केला असता ना, तर आरामात झालं असतं."

कृष्णनाथ "होय" म्हणाला आणि खाली उतरला.

परत येताना बाबली स्कूटर चालवत म्हणाला, "कृष्णा, तुज्या सुनेन पेटी केल्लली मा? मगे कसा काय?"

"तिचो दोष नाय. मी सांगलंय तशी केल्यान ती." मग थोड्या वेळाने, "बाबली, आमच्याकडे येशीत तर ह्या काढू नको."

घरी सेजल दारातच उभी होती. कामावरून लवकर सुटून आली होती. "बाबा, दांडे सारके होते मा आपल्यासारके?"

"सारके. तसूभर फरक नाय."

"मगे?"

"वयात बसलंय नाय. म्हातारे नको त्यांका."

सेजल अशी काही भडकली की विचारू नका. मग बोलावलं कशाला, माणसाची थट्टा करायला काय, असं म्हणत म्हणत ती रडायला लागली. कृष्णनाथने तिच्या डोक्यावर हात ठेवला. खोटं बोललो याचं त्याला काही वाटलं नाही. आता रोज त्या गेटवर उभं राहायचं, याचं मात्र वाटलं.

आठवड्याने सेजलच पुन्हा बोलली. शेजारच्या विशालला पुढच्या टेस्टचं बोलावणं आलं होतं. ट्रक चालवणारा माणूस, पोकलेनवर हात नवा, पदरी दोन पोरं. "बाबा, पेटी त्याका देवया? तुमका नाय तर नाय, त्याका तरी उपेगी पडांदे."

"दी," कृष्णनाथ म्हणाला, आणि मग घाईघाईने, "तू नको जाव. मीच पोचवतंय आणि सगळा समजावन सांगतंय त्याका."

त्याच्या सुटीच्या दिवशी सेजल कामाला गेल्यावर त्याने पाटाचे स्क्रू काढले. चष्मा लावला, तिची पक्कड घेतली. डाव्या दांड्याची पुढची आणि मागची वायर उपसून उजव्याला खोचली, उजव्याची डाव्याला. चिमट्या बारीक, बोटं जाड, म्हणून वेळ लागला. मग टीव्ही लावून बघितलं. डावा हात सवयीने निघाला, आर्म भलतीकडेच गेला आणि माती ट्रकच्या बाहेर सांडली.

"अवो, ह्या काय?" सुमंगला परसातून आत आली. "महिनोभर ट्रक कसो भरी होतास! आज सगळी माती भायर?"

"पडांदे."

सुमंगलेने जमिनीवरची पक्कड पाहिली, स्क्रू पाहिले, नवऱ्याचं तोंड पाहिलं. "म्हणजे थय उलटा होता..."

"होय."

"आणि तां वयाचा?"

"वयाचा कोण काय बोलाक नाय." त्याने दांडे सोडले. "माजो मान ठेवून तिना वायरी बदलल्यान गो. आता तिका काय सांगू? तू मान ठेवलंस म्हणान माजा काम गेला, असा सांगू?"

सुमंगला त्याच्या खुर्चीशी खाली बसली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "परत एकदा बगा. विशालचा चुकाक नको."

कृष्णनाथने डावा हात मांडीखाली दाबून धरला, कारण तो ऐकत नव्हता. उजव्या हाताने बूम हळूहळू उचलला, ट्रकवर नेला. माती ट्रकात पडली.

"बरोबर आसा," तो म्हणाला, आणि टीव्ही बंद करून पाटाचे स्क्रू आवळायला बसला.