मालतीबाईंचा सकाळचा वाडगा

हात जरा जपून लावा, मी अजून गरम आहे. मी लोखंडी कढई, बुऱ्हाणपूरच्या मालतीबाईंची. आत्ताच दोन वाट्या ओट्स भाजून झाले आणि मला ओट्यावर उतरवलं, म्हणून बोलायला सवड मिळाली.

लोहारानं ठोकून ठोकून मला खोलगट केलं. ते घाव अजून माझ्या पाठीवर दिसतील. मालतीबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी बाजारात त्यांनी मला उचललं, बोटानं टणकन वाजवून पाहिलं आणि घरी आणलं. त्याला पस्तीस वर्षं झाली.

त्यांचे यजमान दिगंबरराव केळीचे व्यापारी. सकाळी लवकर लिलावाला जायचं, म्हणून साडेसहाला पुढ्यात गरम पोहे हवेत. मग मुलगी शीतल, तिची शाळा, तिचा डबा. मालतीबाई सगळ्यांचं बघायच्या. स्वतः काय खायच्या, ते एकट्या मला ठाऊक होतं. अकरा वाजता, मला घासायला टाकण्याआधी, माझ्या बुडाला चिकटलेली खरवड उलथन्यानं काढून त्या उभ्याउभ्याच खायच्या. काही उरलंच नसेल तर नुसता चहा.

पुढे शीतल लग्न होऊन नाशिकला गेली. मालतीबाईंना साखरेचा आजार लागला, सकाळची गोळी सुरू झाली. गोळी त्या वेळेवर घ्यायच्या. खाणं मात्र अकरालाच. मी लोखंडाची, मी काय सांगणार?

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांतली गोष्ट. पोहे परतताना त्यांचा हात थरथरायला लागला. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम.

"मालती, पोहे झाले का?" बाहेरून हाक आली. थोड्या वेळानं पुन्हा, जरा चढ्या आवाजात.

त्यांनी आधाराला म्हणून माझा कान धरला आणि आम्ही दोघी खाली कोसळलो. सगळीकडे पोहे सांडले. दिगंबरराव तणतणत आत आले, "काय करू राहिली—" आणि मालतीबाईंना पडलेलं बघताच शेजाऱ्याला हाका मारत बाहेर धावले. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून त्यांनी मालतीबाईंना दवाखान्यात नेलं. मी रात्रभर तशीच उपडी पडून होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच घरी आले. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी शीतलला फोन लावला.

"रक्तातली साखर एकदम उतरली म्हणे. आता बरी आहे, टेन्शन नको घेऊ. पण डॉक्टरनं मले विचारलं, ह्या सकाळी काय खातात? मले सांगता नाही आलं गं, शीतल. चौतीस वर्षं झाली, मी पाह्यलंच नाही."

बोलता बोलता ते माझ्याशेजारी फरशीवर बसले. या घरात त्यांना स्वयंपाकघरात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळीबरोबर खाणं हवंच, आणि पोटात टिकेल असं हवं. शीतलनं ओट्सची कृती सांगितली. दिगंबररावांनी बाजारातून ओट्स, बदाम, अक्रोड, शेंगदाणे, जवस आणि भोपळ्याच्या बिया आणल्या. मालतीबाई घरी येऊन बाहेरच्या खोलीत पडून होत्या. उभ्या आयुष्यात ज्यांनी चहाचं आधण ठेवलं नाही, ते मला गॅसवर चढवून समोर उभे राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळं एकदमच ओतलं आणि आच मोठी केली. जवस तडतडून तोंडावर उडायला लागला. शेंगदाणे काळे, ओट्स कच्चे.

"जळू राहिलं काहीतरी!" बाहेरून आवाज आला.

"काही नाही जळत. तू पडून राहा."

दुसऱ्यांदा त्यांनी एकेक जिन्नस वेगळा भाजला, मंद आचेवर. ओट्स हाताला कुरकुरीत लागेपर्यंत ते हलवत राहिले. वरून दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ. साखर नाही, गूळही नाही. छान झालं होतं हो! पण धीर धरवला नाही, गरमच बरणीत भरलं. तिसऱ्या दिवशी सगळं मऊ.

मालतीबाईंनी चिमटीत धरून पाहिलं. "गरम भरलं ना? वाफ धरली त्यानं."

तिसऱ्या खेपेला ते परातीत पसरून, पंख्याखाली खुर्ची टाकून राखण करत बसले. एक चिमणी आली तर तिलाही हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडग्यात दूध, त्यात ते भाजलेलं मिश्रण, वर अर्धवट पिकल्या केळाचे दोन काप. केळीच्या व्यापाऱ्याच्या घरात फक्त दोन!

"आधी तुम्ही खा," मालतीबाई म्हणाल्या.

"नाही. गोळी घेतली ना? आधी तू."

त्यांनी चमचा हातात धरला. "माहेर सुटल्यापासून मले कोणी असं आयतं वाढलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. मग एक घास घेतला. "मीठ जास्त झालं." आणि वाडगा रिकामा केला.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी दिगंबररावांच्या हाती असते. मालतीबाईंची तब्येत सुधारली आहे.

आज त्यांच्या भावाची बायको मंगला देडतलाई गावाहून आली आहे. दिगंबररावांना ओट्याशी बघून ती तोंडाला पदर लावून हसली. "दाजी, हे बायकांचं काम!"

"खाऊन तर पाह्य आधी," मालतीबाई म्हणाल्या, आणि तिला हाताला धरून खाली बसवलं.

मंगला बसून खात होती. निम्म्या वाडग्यानंतर तिचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "दाजी, मले हे कागदावर लिहून द्या."

दिगंबररावांनी चष्मा लावला. "लिहितो. ओट्स दोन वाट्या..."

"थांबा. आधी वर आमच्या घरधन्याचं नाव टाका. उखर्डू, असं मोठ्या अक्षरात. नाहीतर म्हणतील, कागद तुझा, अन् मलेच करायला लावतील."

मालतीबाई खळखळून हसल्या. दिगंबररावांनी नाव लिहिलं, खाली दोन रेघाही मारल्या.

देडतलाईच्या त्या घरातली कढई मी काही पाहिलेली नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या: हात नवखा असेल, बाई. जरा सांभाळून घे.