व्हार्निश लावलेला दगड

मी दगड बोलतोय. एखाद्याला काही उमगलं नाही की तुम्ही म्हणता, याच्या डोक्यात दगड भरलेत. माझ्यात काय भरलंय ते आधी ऐका, मग बोला.

पृथ्वी तरुण होती तेव्हा मी उथळ समुद्रातला चिखल होतो. माझ्यावर एकपेशीय जीवांची बुळबुळीत साय धरायची. बिचारे एवढे बारीक, ना डोळे, ना तोंड. वर गाळ साचला की ते त्यातून वर यायचे आणि पुन्हा साय धरायची. असे थरावर थर बसत मी दगड झालो, समुद्र हटला आणि आमची टेकडी झाली. तुम्ही आज छाती भरून घेता त्या हवेत प्राणवायू सोडला तो त्यांच्याच भाऊबंदांनी. त्याचे आभार कुणी मानल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या टेकडीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. मग खडी पाडणाऱ्या ठेकेदाराची नजर तिच्यावर गेली. त्याच्या मागोमाग संशोधक बाई आल्या. "जुन्या जीवांचा पुरावा महिनाभरात आणा, टेकडी वाचवू," असं खडीची परवानगी देणाऱ्या सरकारी कचेरीने त्यांना सांगितलं होतं. बाईंनी हातमोजे घालून मला छिन्नीने सोडवलं, स्वच्छ वेष्टनात गुंडाळलं, उघडं बोट लागू दिलं नाही. माझा त्यांच्यावर जीव जडला.

तपासणीची पाळी येईपर्यंत मी बाईंच्या विभागातल्या कपाटात होतो. बाई आजारी आईकडे गेल्या आणि इकडे विभागात पाहुणे यायचे ठरले. विभागाच्या मोठ्या सरांनी मला बाहेर काढलं आणि अंगभर व्हार्निश फासलं. माझ्या भेगांतून ते पार आत मुरलं.

बाई परतल्या, त्यांनी मला काचेच्या पेटीत पाहिलं.

"सर, हे काय केलंत?"

"अहो, अगदीच मळकट दिसत होता. आता पट्टे कसे उठून दिसतात बघा. पाहुणे खूश होऊन गेले."

"पण आता यात व्हार्निशचाच कार्बन सापडेल. त्यातला जुन्या जीवांचा कोणता, हे मी कसं सांगू?"

"मग दुसरा तुकडा आणा की. टेकडी कुठं पळून जातेय?"

बाई तशाच धावल्या. पण मुदत टळली होती, कचेरीने ठेकेदाराला परवानगी देऊन टाकली होती आणि सुरुंग उडाले होते. टेकडीची खडी झाली, खडीचा रस्ता झाला. सर त्याच रस्त्याने गाडीतून येतात आणि रस्ता झकास झाला म्हणतात.

माझ्या पेटीवर आता पाटी आहे, 'हात लावू नये'. बाई समोरून जाताना मान खाली घालतात. त्यांच्यावर माझा राग नाही, सरांवर आहे, आणि तो जाणार नाही.

एकच मागणं आहे. पेटी फोडा आणि मला त्या रस्त्यावर नेऊन टाका. माझे सगळे तिथे आहेत.