आज कानात काय?

शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात कोणाला नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. जी जे शिवते ते तिचं नाव. बाह्या लावते ती बाहीवाली, खिसे लावते ती खिसेवाली. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असत त्या मात्र मावशी, कारण त्यांना तोंडावर इस्त्रीवाली म्हणायची कोणाची छाती नव्हती. आपली गोष्ट आहे ती कॉलरवालीची.

मशिनी सुरू झाल्या की असा खडखडाट व्हायचा, की शेजारणीशी बोलायचं तरी घसा फोडावा लागे. म्हणून प्रत्येकीच्या कानात फोनची वायर. आणि जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या की डबे उघडायच्या आधी एकच प्रश्न: "आज कानात काय?"

बाहीवाली भुताखेतांची नाटकं ऐके आणि भर दुपारी दचके. खिसेवालीला प्रेमभंगाची गाणी लागत. तिचा संसार दृष्ट लागण्यासारखा होता, तरी ती डोळे पुसत पुसत खिसे लावी. मावशींना खुनाची मालिका. खुनी कोण ते कळायच्या भागात त्यांनी एका शर्टाची पाठ जाळली होती, आणि वर म्हणाल्या होत्या, "शर्ट काय, दुसरा होईल. खुनी सापडला ना!" एखादीचं फारच रंगात आलं की दुसरी सरळ तिच्या वायरचं एक टोक उचलून आपल्या कानात घाली. याला त्या चव बघणं म्हणत. शेजारणीच्या डब्यातली भाजी घेताना विचारत नाहीत, तसंच हेही कोणी विचारत नसे.

कॉलरवालीच्या कानात मात्र ना गाणं होतं ना नाटक. तिच्या कानात नवरा होता.

दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ती कारखान्याच्या दारात पोचली की तो फोन लावी, आणि ती संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत फोन चालूच. मशीनचा आवाज येत राहिला की त्याचं समाधान. थांबला की चौकशी. तो कधी ओरडत नसे, त्याला कधी गरजच पडली नव्हती. हळू, गोड आवाजात तो सांगे, काय खा, कोणाजवळ बस, पाणी प्यायला एवढा वेळ का लागला. तिने उत्तर द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "हे तिथे कोणाला कळलं ना, तर कारखाना बंद. घरात बसायचं."

घर म्हणजे एक खोली आणि समोरच्या भिंतीवर उघडणारी एक खिडकी. कारखाना सुटला असता तर माणसाचं तोंड दिसायचीही मारामार झाली असती. म्हणून ती जीव मुठीत धरून गप्प राही.

पण 'आज कानात काय?' याला काहीतरी उत्तर द्यावंच लागे. "सांग एखादं नाटकबिटक," त्यानेच कानात सुचवलं होतं. तिने ठोकून दिलं, एक नाटक आहे, दीपगृहात राहणाऱ्या बाईचं. मग रोज पुढचा भाग. बाई दिवा लावते, जहाजं येतात, लांबून जातात. तिला कुठून सुचत होतं देव जाणे, पण बायका घास हातात धरून ऐकायच्या. तेवढ्या वेळात ती आपल्या मनचं बोलत असे, आणि तिला फार बरं वाटे.

नेमकं तेच त्याच्या लक्षात आलं. "त्या बाईला फार हिंडवू नकोस," तो घरी म्हणाला. "जिना मोडला म्हणून सांग. राहू दे वरच." दुसऱ्या दिवशी जिना मोडला. सगळ्या हळहळल्या. खिसेवाली तर चिडून म्हणाली, "मेला तो लिहिणारा!" कानातल्या आवाजाने लगेच डबा आवरायला सांगितलं.

एके दुपारी कॉलरवाली डबा घ्यायला वाकायला आणि ओढणीखाली खोचलेलं वायरचं दुसरं टोक बाहेर पडायला एकच गाठ पडली. बाहीवाली टपलेलीच होती. "रोज नुसतं सांगतेस. आज चव बघू दे," म्हणत तिने ते कानात घातलं.

"सावकाश जेव," आवाज म्हणत होता. "आणि त्या बाहीवालीपासून लांब बस. नाही नाही ते भरवते ती डोक्यात."

बाहीवाली हरखून ओरडली, "अगं बाई! नाटकात बाहीवालीपण आहे! आणि तिलाच नावं ठेवतायत!"

सगळ्या खो खो हसल्या. कानात तोच गोड आवाज म्हणाला, "कोण ऐकतंय हे?"

बाहीवालीचं हसू मावळलं. तिने ते टोक मावशींच्या हातात दिलं. मावशींनी ऐकलं, "आता पुरे झालं. सामान उचल आणि बाहेर ये." त्यांनी कॉलरवालीच्या तोंडाकडे बघितलं.

"हे कधीपासून चाललंय गं?"

"इथे लागल्यापासून."

मावशींनी तिच्या खिशातून फोन काढला आणि सरळ बंद केला.

"काय केलंत हे!" कॉलरवाली ताडकन उठली. "आता तो येईल. मला घेऊन जाईल. इतके दिवस मी कशासाठी तोंड शिवून बसले होते?"

आपण उपकार केला की घात, हे मावशींनाच समजत नव्हतं. कॉलरवाली मोकळ्या कानात पुन्हा पुन्हा बोट घालत होती. तिथे काहीच नव्हतं, तरी हात राहत नव्हता.

तो लगेच आला. स्वच्छ कपडे, चेहऱ्यावर हसू. "नमस्कार. हिला अधूनमधून बरं नसतं. घेऊन जातो," तो म्हणाला. बोलणं इतकं साळसूद, की खिसेवालीने स्टूल सरकवून वाट करून दिली आणि मग तिची तिलाच लाज वाटली. कॉलरवालीचे हात आपोआप डब्याचं झाकण लावायला लागले.

"सुट्टी संपली," मावशी म्हणाल्या. अजून संपली नव्हती.

बाहीवालीने पॅडलवर पाय दिला. मग खिसेवालीने. मग एकेक करत सगळ्या रांगा सुरू झाल्या, आणि टेबलापलीकडे उभ्या नवऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसू लागले. त्याने आवाज चढवला. सवय नसल्यामुळे तो चिरकला, आणि तो चिरका आवाजही खडखडाटात कुठल्या कुठे गेला. त्याने दाराकडे बोट दाखवलं.

संध्याकाळ होणार होती. ती खोली, ती खिडकी कुठे जाणार नव्हती, आणि तोही नाही. कॉलरवालीला हे सगळं माहीत होतं. तरी ती आपल्या स्टुलावर बसली आणि एक कॉलर सुईखाली घेतली.

"ऐकू येत नाही," तिने त्याला मोठ्याने सांगितलं, आणि पॅडल दाबलं.