कुऱ्हाडीच्या तावडीतून सुटलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. कुठल्या घराचा, असं विचाराल तर सांगता यायचं नाही, कारण माझ्यामागं घर कधी नव्हतंच. पुढं दिवे आणि कॅमेरा, मागं वायरींचं जंजाळ आणि चहाचे रिकामे कप, अशी माझी जन्मापासूनची तऱ्हा. तरीही मला पाहून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं आहे, आणि त्याचा मला चांगलाच गर्व आहे.

माझा जन्म स्टुडिओच्या सुतारशाळेत झाला. एका भयपटासाठी सुतारकाकांनी मला घडवलं. गोष्ट साधी होती: एक कुटुंब घरात आहे, बाहेर एक अनोळखी माणूस आहे, आणि त्याला आत यायचं आहे. सुतारकाका तेव्हा तरुण होते. त्यांनी जाड, मुरलेलं लाकूड निवडलं, रंधा मारून मला गुळगुळीत केलं, पितळी मूठ बसवली. कडी मात्र नावाचीच. सेटवरच्या दाराला खरी कडी लावायची नाही, हा आमच्या धंद्यातला नियमच आहे. कडी सरकते, आवाज करते; पण चौकटीतलं भोक मुद्दाम इतकं मोठं ठेवतात की ती कशात अडकतच नाही. नटाला ठरल्या क्षणी आत येता आलं पाहिजे. दार घट्ट आहे असं भासवायचं असेल, तेव्हा सुतारकाका माझ्यामागं पाठ लावून बसत आणि बाहेरच्या नटाला मनसोक्त ढकलू देत.

त्या चित्रपटात शेवटी तो माणूस कुऱ्हाडीनं दार फोडतो. त्यासाठी माझ्यासारखीच दिसणारी, पातळ लाकडाची भावंडं केली होती. मी जवळून दाखवायचा, ती फोडायची. एकेकाच्या ढलप्या उडताना मी बाजूला उभा राहून पाहिलं. चित्रपट तुफान चालला. प्रेक्षक खुर्चीवरून उठून किंचाळायचे म्हणे. काही दिवस लोक मुद्दाम मला बघायला येत आणि माझ्या मुठीला हात लावून शहारत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग सगळे मला विसरले. गोदामात दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकून माझं टेबल केलं गेलं. माझ्यावर रंगाचे डबे आले, डबे गेले की जेवणाचे आले. ज्याला पाहून लोक घाबरायचे, त्याच्यावर आता रंगारी भाजीचा रस्सा सांडत होते. बिजागऱ्या गंजल्या.

आणि एके दिवशी एक बाई आल्या. डबे उतरवून त्यांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीनं पुसली. त्या दिग्दर्शिका होत्या. सेटवर लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत. तोच चित्रपट त्या नव्यानं काढणार होत्या. सोबत सुतारकाका होते, आता केस पांढरे आणि गुडघे कुरकुरणारे. ताईंनी त्यांना सांगितलं, की लहानपणी मावशीच्या मांडीवर बसून त्यांनी तो चित्रपट पाहिला होता.

“सगळे कुऱ्हाडीला घाबरले, काका,” त्या म्हणाल्या. “मी त्याच्या आधी घाबरले होते. ती मूठ नुसती हलली ना, तेव्हा. दार फुटल्यावर माझी भीती गेलीच. मग तो नुसता एक माणूस होता.”

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण माझ्या मुठीची किंमत इतकी नेमकी कुणी ओळखली नव्हती. त्या क्षणापासून मी त्यांचा झालो.

निर्मात्यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. लोक तिकीट काढणार ते दार फुटताना बघायला, आणि तेच नसेल तर नवा चित्रपट काढायचा कशाला? शिवाय पातळ भावंडांचीही गरज नाही, हाच जुना दरवाजा फोडा, खरं लाकूड फुटताना खरंच दिसतं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ताईंनी फार घासाघीस केली. अखेर ठरलं असं: त्या आपल्या पद्धतीनं प्रसंग घेतील आणि जोडून दाखवतील. बघणारे घाबरले तर ठीक. नाही घाबरले, तर कुऱ्हाड. त्याच दिवशी एक खरी, धार लावलेली कुऱ्हाड आणून सेटच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. मला ती दिवसभर दिसत असे.

ताई काम कसं करत, ते सांगण्यासारखं आहे. पहिले कितीतरी दिवस त्यांनी भीतीचं काहीच चित्रित केलं नाही. आई भांडी आवरते, मुलगी जिन्यावर बसून बुटाची नाडी बांधते, बाबा रोज म्हणतात की या दाराची कडी सैल झालीय, रविवारी बघतो. रविवार येतो आणि जातो. घरातली एकेक खोली त्यांनी प्रेक्षकांच्या इतक्या ओळखीची केली की डोळे मिटूनही पाणी कुठं ठेवलंय ते सांगता यावं. स्वतःचं वाटू लागलेल्या घरात कुणी शिरलं तरच काळजाचा ठोका चुकतो, असं त्या सगळ्यांना समजावून सांगत.

बाहेरच्या माणसाचं काम करणाऱ्या नटाला सेटवर सगळे पाहुणा म्हणत. माणूस इतका भिडस्त की चहा मागतानाही दोनदा सॉरी म्हणायचा. ताईंनी त्याला मुखवटा दिला नाही, कपाळावर व्रण दिला नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेला, चारचौघांतला माणूस, एवढंच. निर्मात्यांनी त्याला बघून कपाळाला हात लावला.

आणि तरीही मोठा प्रसंग काही केल्या जमेना. लिहिलं होतं असं: आईला बाहेर चाहूल लागते, ती धावत येऊन कडी सरकवते, पाहुणा ढकलतो, सैल कडी निसटते आणि तो आत येतो. तालमीत ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तो ढकलायचा, आत यायचा, आणि भीती कुठल्या कुठं पळायची. ताईंना ते दिसत होतं. त्यांचं जेवण कमी झालं होतं. कोपऱ्यातली कुऱ्हाड त्यांनाही दिसतच होती की.

प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या दिवशी बाहेर भर दुपार होती आणि खिडक्यांना काळे पडदे लावून आत रात्र केली होती. पंख्याच्या वाऱ्यानं मी चौकटीत खडखडत होतो. आवाज टिपणाऱ्या दादांनी तक्रार केली. सुतारकाकांनी जेवणाच्या सुट्टीत चौकटीतल्या मोठ्या भोकावर कडीच्या मापाचं भोक असलेली एक लोखंडी पट्टी ठोकली आणि कडी लावून टाकली. माझी खडखड थांबली. सुट्टी संपली की पट्टी काढायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण गुडघ्यावर मलम चोळून घेण्याच्या नादात ते विसरले. दुसऱ्या कुणीतरी नुसती कडी मागं सरकवून ठेवली, पट्टी तशीच राहिली, आणि काम सुरू झालं.

आईचं काम करणारी नटी धावत आली. तिनं कडी सरकवली. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर माझी कडी खरोखर लागली, मित्रांनो.

बाहेरून पाहुण्यानं ढकललं. मी किंचित हललो आणि थांबलो. त्यानं पुन्हा जोर लावला. मी तसाच. ताई “कट” म्हणेपर्यंत थांबायचं नाही, हे नटांच्या हाडीमांसी भिनलेलं असतं. तो बिचारा बाहेर अडकला, आणि मग त्याच्या भिडस्त स्वभावाला जे सुचलं ते त्यानं केलं. त्यानं हळूच दार वाजवलं.

“वहिनी,” तो म्हणाला, अगदी शेजाऱ्यासारखा. “किल्ली दारालाच राहिलीय तुमची. घेता का?”

आत नटीचा चेहरा पांढरा पडला. हे वाक्य कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण तीही मुरलेली कलावंत. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: प्रसंग पुढं न्यायचा तर याला आत आलंच पाहिजे. म्हणून तिचा हात कडीकडे गेला. चित्रपटातली आई त्या माणसाला, आपल्या हातानं, दार उघडायला निघाली होती.

सुतारकाका कॅमेऱ्यामागं उभे राहून पट्टीकडे बोट दाखवत होते. ताईंनी त्यांचा हात धरून खाली केला. त्यांनी “कट” म्हटलं नाही. कडी सरकली आणि मी आतल्या बाजूला उघडलो. पुढं काय झालं ते मी सांगणार नाही, तिकीट काढून बघा.

नंतर मला आवाजाच्या खोलीत नेऊन एका चौकटीत उभं केलं, कारण माझी करकर माझ्याखेरीज कुणाला जमत नाही. तिथल्या मोठ्या पडद्यासमोरच मी तो चित्रपट जोडला जाताना पाहिला. पाहुण्यानं दार ढकललेलं ताईंनी कापून टाकलं, नुसती टकटक आणि ते वाक्य ठेवलं. दादांच्या कानांचं मला फार कौतुक वाटलं. जुन्या चित्रपटात अशा वेळी वाद्यं कर्कश वाजायची. दादांनी सुरुवातीपासून घरातल्या फ्रिजची बारीक घरघर ठेवली होती, इतकी बारीक की ती आहे हे कुणाच्या ध्यानातही येऊ नये. त्या प्रसंगात त्यांनी ती अचानक बंद केली. बस्स, एवढंच. माझ्या गंजलेल्या बिजागऱ्यांवर काटा आला.

दाखवण्याचा दिवस आला. निर्माते आपल्या ड्रायव्हरला आणि सासूबाईंना घेऊन त्याच आवाजाच्या खोलीत आले. सासूबाईंनी जुना चित्रपट तरुणपणी अनेकदा पाहिला होता आणि त्याची सर याला येणं शक्य नाही, हे त्यांनी खुर्चीत बसण्यापूर्वीच जाहीर करून टाकलं. ताई मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारीच होतो.

पडद्यावर कडी लागली. सासूबाई पुढं सरकल्या. आता कुऱ्हाड येणार, हे त्यांना पाठ होतं. कुऱ्हाड आली नाही. घरघर थांबली. कडी सैल आहे, एका धक्क्याचं काम आहे, हे बघणाऱ्यांना बाबांच्या रोजच्या टाळाटाळीमुळं ठाऊक होतं. आणि तो माणूस धक्का न देता विनंती करत होता. ड्रायव्हरनं तोंडावर हात ठेवले. आईचा हात कडीकडे निघाला, तशा सासूबाई अगदी हळू आवाजात पडद्यातल्या त्या बाईशी बोलल्या.

“नको गं उघडूस. ऐक माझं.”

तेवढ्यात आमच्या खोलीच्या दारावर खरीच टकटक झाली. एकही माणूस जागचा हलला नाही. निर्मात्यांनी घसा खाकरून कोण आहे म्हणून विचारलं. बाहेरून चहावाल्यानं “चहा आणलाय” म्हणून सांगितलं. तरीही कुणी उठेना. निर्माते एकदा दाराकडे आणि एकदा ताईंकडे बघत राहिले.

“ताई,” ते म्हणाले, “ती कुऱ्हाड परत पाठवून द्या. पण आधी कुणीतरी ते दार उघडा.”

दार शेवटी ताईंनीच उघडलं. चहा गार झाला होता, पण सगळ्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

आता मी याच खोलीत असतो. दादा बिजागऱ्यांना जपून तेल घालतात, पुरेसं पण करकर जाणार नाही इतकंच. मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. एखादी जुनी वस्तू किंवा जुनी गोष्ट तुमच्या हाती आली, तर मागच्या वेळी टाळ्या पडल्या होत्या म्हणून ती पुन्हा तशीच फोडायला घेऊ नका. आधी तिच्यावरची धूळ पुसा आणि तिच्यात नेमकं काय हललं होतं म्हणून आपण शहारलो, ते आठवा. ताईंना ते आठवत होतं. म्हणूनच मी आज तुमच्याशी बोलायला शाबूत आहे.