रंगरावांचा डावा खिसा

मी लोहचुंबक बोलतोय. जवळ या, पण आधी हातातलं घड्याळ काढा आणि मोबाइल, एटीएम कार्ड तिकडे ओट्यावर ठेवून या. राग मानू नका. पाहुण्यांना दारातच अटी घालणं मलाही आवडत नाही, पण माझा स्वभावच तसा आहे.

शाळेच्या प्रयोगपेटीत तुम्ही पाहिलेला लाल-निळा चुंबक माझा नातेवाईक खरा, पण फार लांबचा. तो टाचण्या उचलतो. मी पिंपळगाव राजाच्या विहिरींमधून बादल्या, नट आवळायचे पाने, विळे आणि एकदा तर अख्खी पहार वर काढली आहे. दिसायला मात्र अनारशाएवढा. पोलादाच्या वाटीत बसवलेला, पाठीवर दोर बांधायला कडी आणि तोंड एकाच बाजूला. सगळी ताकद त्या तोंडात.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. निओडायमियम नावाच्या धातूत लोखंड मिसळून त्याची भुकटी केली, दाबली, भट्टीत भाजली. तोवर मी नुसता दगड होतो. मग तारेच्या वेटोळ्यात ठेवून विजेचा असा तडाखा दिला, की तेव्हापासून मला शेजारी लोखंड असलेलं सहनच होत नाही. ताकद मिळाली, पण कणखरपणा मिळाला नाही. दणकन आपटलो तर मी काचेसारखा फुटतो. एवढा दांडगा गडी आणि अंगाने नाजूक, हे कुणाला खरं वाटत नाही.

या घरात मला आणलं डिंपलने. ही रंगरावांची नात, खामगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. आणि तिने मला का आणलं ते कळायचं तर आधी रंगराव कळायला हवेत.

रंगरावांचा मळा भेंडी-वांग्यांचा, पण गावात त्यांची ओळख वेगळीच. कुणाच्याही विहिरीत काही पडलं, की निरोप रंगरावांना. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते बुडी मारून लोकांच्या वस्तू काढत आले. त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. काठावर चहा प्यायचा, ओलं धोतर पिळायचं आणि घरी यायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके मंद पडले. अकोल्याला नेऊन छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, ठोके सांभाळणारं पेसमेकर नावाचं यंत्र बसवलं. डॉक्टरांनी विहिरीत उतरायला साफ मनाई केली. तेव्हापासून निरोप आला, की रंगराव मान खाली घालून म्हणायचे, "आता नाही जमत बाप्पा." आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

नातीला ते बघवेना. तिने फोनवरून मला मागवलं.

"आबाजी, आता तुमाले इहिरीत उतराचं काम नाही," ती खोका फोडत म्हणाली. "तुमी काठावर बसून दोर सोडा. हा उतरते."

माझ्यासोबत एक चिठ्ठी आली होती. इंग्रजीत, खसखशीएवढ्या अक्षरांत. मी किती किलो उचलतो एवढं डिंपलने हौसेने वाचलं आणि चिठ्ठी बाजूला ठेवली. खाली एका हृदयाचं चित्र होतं आणि त्यावर काट मारलेली होती. ते तिच्या नजरेतून सुटलं. संध्याकाळी सोजराबाईंनी, म्हणजे रंगरावांच्या घरधनिणीने, त्याच चिठ्ठीवर चूल पेटवली.

पहिल्या दिवशी मी घरात नुसता उच्छाद मांडला. सोजराबाईंच्या तव्याला जाऊन चिकटलो. डिंपलची आई छाया ब्लाउज शिवते. तिच्या डबीतल्या साऱ्या सुया एका झटक्यात माझ्या अंगावर आल्या. डिंपलचं बोट तर माझ्यात आणि तव्यात असं सापडलं, की नखाखाली रक्त साकळलं. मला सरळ ओढून काढायचं नसतं, बाजूला सरकवत काढायचं असतं, हे त्या पोरीला बोट चेंगरल्यावर कळलं.

"काय मेलं हे! माह्या तव्याले सोडून नाही राह्यलं," सोजराबाई ओरडल्या.

"असू दे वं. जीव हाये त्याच्यात," रंगराव म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

तो उन्हाळा आणि पावसाळा आमचा होता. आज या गल्लीत बादली, उद्या त्या मळ्यात पाना. रंगराव दोर असा सोडत, की तळाचा गाळ मला आधी नुसता शिवायचा. माझ्या अंगाला काही लागलं, की दोराच्या थरथरीवरून ते ओळखायचे. "बादली नोहे बे हे, कोयता हाये," असं ते सांगत आणि तो कोयताच निघे. एका बाईंची पितळी घागर मात्र मला काढता आली नाही. पितळ, सोनं, चांदी मला ओळख देत नाहीत. रंगराव माझी बाजू घेऊन म्हणाले, "ज्याले जे येते ते येते." मला त्यांचा फार लळा लागला. तुम्ही म्हणाल, चुंबकाला कसला लळा? अहो, चिकटण्याशिवाय मला दुसरं येतंच काय?

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कामाच्या हत्यारांची पूजा करतात. अंगणात पाटावर विळा, कोयता, कुदळ, खुरपं, छायाची कात्री असं सगळं मांडलं. शेवटी रंगरावांनी मला आणून मध्ये ठेवलं आणि खण्ण खण्ण करत सगळी हत्यारं मला येऊन भिडली. घरभर हशा पिकला. डिंपलने एकेक सरकवून सोडवलं. रंगरावांनी मला हळद-कुंकू लावलं, उचलून कपाळाला टेकवलं आणि मग मला कुठे ठेवावं म्हणून क्षणभर थांबले. पाटावर ठेवलं तर पुन्हा गोंधळ.

त्यांच्या बंडीला छातीवर दोन खिसे. दवाखान्यात त्यांना बजावून सांगितलं होतं, मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. रंगरावांनी ते देवाज्ञेसारखं पाळलं. मोबाइल कायम उजव्या खिशात. त्यामुळे डावा खिसा कधीपासून रिकामाच होता. पूजेची वस्तू, म्हणून त्यांनी मोठ्या मानाने मला त्याच खिशात ठेवलं. माझं तोंड आतल्या बाजूला.

खरं सांगतो, मला फार आनंद झाला होता. कापडापलीकडे, कातडीखाली मला कुणीतरी जाणवलं. एक छोटीशी डबी, अगदी बारकाईने काम करणारी. तिच्यात माझ्या जातीला ओळखणारी एक कळ होती. मी नुसता राम राम घातला. आणि ती डबी आपलं रोजचं मोजणं सोडून भलत्याच एका ठेक्यावर पळत सुटली.

रंगराव भिंतीला टेकले.

"अवो, काय होऊन राह्यलं? बोला ना!" सोजराबाई धावल्या.

"धडधड होऊन राह्यली वं… डोयापुढं अंधारी…" ते खाली बसले. चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला. त्यांनी हात छातीवर दाबला, म्हणजे मलाच आणखी आत दाबलं. मला ओरडता आलं नाही. सुटून पळता आलं नाही. ज्याच्या जिवावर उठलोय त्यालाच घट्ट धरून बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. तो क्षण मी विसरणार नाही.

छाया या घरची सून. लग्नाला वीस वर्षं झाली, पण सासऱ्यासमोर तिचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. आज पदर कुठे आहे याचं तिला भान नव्हतं. "मामाजी, हात काढा! यायले वारा लागू द्या!" म्हणत तिने बटणं सोडवायची वाटही पाहिली नाही. बंडी टराटरा फाडून अंगातून काढली आणि मागे भिरकावली. बंडी गेली ती धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर खण्णकन चिकटली आणि तिथेच लोंबत राहिली.

चार श्वास गेले असतील. रंगरावांनी डोळे उघडले. "पाणी द्या," म्हणाले.

सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. एकटी डिंपल कोठीकडे बघत उभी होती. फाटकी बंडी, हवेत लोंबणारी, खिशाने पत्र्याला धरलेली. तिला सगळं कळलं.

त्याच दिवशी त्यांना अकोल्याला नेलं. पुढचं मला घरातल्या बोलण्यातून समजलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र तपासून सांगितलं, की काही बिघडलं नाही. चुंबक दूर गेला की यंत्र आपोआप ताळ्यावर येतं. पण म्हणून हा खेळ पुन्हा करायचा नाही. साधा चुंबकसुद्धा छातीपासून हातभर लांब आणि असला दांडगा तर घरातच नको.

"टाका त्या मुडद्याले उकिरड्यावर!" सोजराबाई म्हणाल्या.

डिंपल रडत होती. "आबाजी, म्या ती चिठ्ठी पुरी वाचली असती तं…"

"चूप बस," रंगराव म्हणाले. "तू मायेनं आणलं. म्या मानानं खिशात ठेवलं. यात त्या बिचाऱ्याचाबी दोष नाही अन् तुहाबी नाही. आता समजलं ना आपल्याले? झालं तं मग."

मला चिंध्यांत गुंडाळून लाकडी पेटीत घातलं आणि मळ्यातल्या मोटरीच्या खोलीत ठेवून दिलं. घरापासून दूर, रंगरावांपासून दूर. डिंपलने पेटीवर लाल रंगाने मराठीत ठळक लिहिलं: "छातीत मशीन असलेल्यांनी हात लावू नये. लहान लेकरांनी तर नाहीच." त्यानंतर कित्येक महिने पेटी कुणी उघडली नाही. रंगराव पुन्हा "नाही जमत बाप्पा" म्हणायला लागले, असं मोटर सुरू करायला येणाऱ्या छायाच्या तोंडून कळलं.

वैशाखात एका सकाळी विहिरीवर गलका ऐकू आला. सोजराबाई पाणी शेंदायला वाकल्या आणि कमरेची पानसुपारीची चंची सुटून तिच्यातला अडकित्ता विहिरीत गेला. लोखंडी, मोराच्या डोक्याचा. त्यांच्या आईने लग्नात दिलेला.

मी पेटीतून ऐकत होतो.

"मी उतरतो," रंगराव म्हणाले. "दोन पुरुष खोल पाणी हाये फक्त. काय होते?"

"एक पाऊल टाकू नका."

"तुह्या मायचा हाये तो."

"मायचा होता. माय गेली, अडकित्ता गेला. तुमी गेले तं मी सुपारी कोनासाठी कातरू?" सोजराबाई म्हणाल्या. मग त्यांनीच हाक मारली, "डिंपल, जाय, आण वं त्याले."

"कोनाले?"

"त्याच मुडद्याले! आन् तुमी, तिकडं निंबाखाली." सोजराबाईंनी टाचेने मातीत रेघ ओढली, विहिरीपासून चांगली पंधरा पावलं दूर. "याच्या पुढं पाय टाकसान तं याद राखजा!"

पेटी उघडली. डिंपलने हातात जाड मोजे घातले होते. तिने दोर बांधला आणि मला पाण्यात सोडलं.

"उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊ दे," निंबाखालून आवाज आला. "तिथं गाळ हाये. ओढू नको, बसू दे त्याले… काय वाटते दोराले?"

"जड वाटते, आबाजी."

"मंग बादलीची कडी असन. काढ, पुन्हा सोड."

कडीच निघाली. दुसऱ्या वेळी मी गाळात तोंड खुपसलं आणि अंगाला काहीतरी हलकं, वळणदार येऊन बिलगलं. मी त्याला असं धरलं, जसं आजवर काही धरलं नव्हतं. वर आलो तेव्हा डिंपल एकदम ओरडली. अडकित्ता सरकवून तिने आजीच्या हाती दिला. सोजराबाईंनी तो पदराने पुसला, डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुडदा कामाचा हाये पण."

तेव्हापासून रंगराव गावाचे निरोप पुन्हा घ्यायला लागले. दोर डिंपलच्या हाती, कधी छायाच्या. रंगराव पंधरा पावलांवर उभे राहून सांगतात. प्रत्येक विहिरीवर आधी रेघ ओढली जाते. ती सोजराबाईंनीच ओढायची, असा आता रिवाज पडला आहे.

माझी तुम्हाला एकच विनंती. माझ्या भाईबंदांना घरी आणणार असाल तर खुशाल आणा, ते इमानी असतात. पण त्यांच्यासोबत येणारी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचा. घरात कुणाच्या छातीत यंत्र आहे का, कुणी तान्हं सगळं तोंडात घालतं का, हे आधी बघा. आम्हाला माणूस कळतो, पण स्वतःला आवरता येत नाही. आवरायचं तुम्हालाच आहे.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. घरी पाटावर सगळी हत्यारं मांडली, माझ्याशिवाय. मला वाटलं, विसरले. मग डिंपल मोटरीच्या खोलीत आली, पेटी उघडून तिने मला कुंकू लावलं आणि दार सताड उघडं ठेवलं.

बाहेर निंबाखाली रंगराव उभे होते. अंगात नवी बंडी, छायाने शिवलेली. तिला उजवीकडे खिसा आहे. डावीकडे नाही. रंगरावांनी दोन्ही हात जोडून छातीशी नेले, जिथे खिसा असता तिथेच, आणि तिथूनच हाक मारली,

"ऱ्हाय बे तिथंच. मीबी हाये इथं."